फुगा येलदरीत, यादी माजलगावात

मुक्काम पेडगाव, ता. जि. परभणी

जावईबापू योगीराज यांना सासरे आबासाहेब यांचा पेडगावहून मनापासून रामराम. तुमची प्रकृती कशी आहे, तुमच्या आईसाहेबांचे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि आमच्या प्रियांकाच्या पायांवरची सूज उतरली का, ते कळवावं. तिचे दिवस भरत आलेत, तेव्हा हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका. लागलंच तर मधली पानं काढून ठेवा (कोणती, ते वाचताना तुम्हालाच कळेल). इकडं ऊन लय बेकार पडलंय. रांजणातलं पाणी दुपारून कोमट होतं, पंखा गरम हवाच तोंडावर मारतो, आणि लाईट गेली की तेवढंही सुख जातं. बाकी सर्व मंडळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणीच नाही. माझ्या थोरल्या वहिनी कडूबाई यांच्या मयतीला तुम्हाला बेंगळुरूच्या कामामुळं येता आलं नाही, तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवलं, ते मिळालं. पण त्या दिवशी इथं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण तुम्ही जावई आहात.

हातात फोन असताना म्हाताऱ्यानं कागद कशाला काळा केला, असं तुम्हाला वाटेल. तर फोन मी त्या दिवसापासून ज्वारीच्या कोठीत टाकलाय, एका ठिकाणी लावण्यापुरता तेवढा बाहेर काढतो. वाजला तर वाजू दे. आणि खरी गोष्ट अशी, की फोनवर जावयाला रागवायला माझी जीभ उचलत नाही. ‘काय पाव्हणे, बरंय का’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप गोडच निघतं. कागदावर तुम्ही समोर नसता, चहा पुढं करावा लागत नाही, म्हणून जमतं. शब्द कमीजास्त झाला तर वडीलधारा माणूस म्हणून माफी असावी, आणि झाला नाही असं वाटलं तर पत्र परत एकदा वाचावं.

गेल्या दिवाळीत तुम्ही आमच्यासाठी ‘आपली भावकी’ हे ॲप करून आणलंत. मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून ज्याच्या त्याच्या फोनमधी घालून दिलं, आम्ही तुम्हाला टोपी-टॉवेल केला, बायकांनी ओवाळलं. त्यात एक गोष्ट तुम्ही हुशारीची केली, ती मी आजही नाकारत नाही. पुण्यात राहून तुमच्या ध्यानात आलं, की आमच्यात सोयऱ्याला नावानं कोणी ओळखत नाही, गावानं ओळखतात. येलदरीचे, हट्ट्याचे, देवगाव फाट्याचे. म्हणून यादी गावांप्रमाणं लावली. गाव, गावाखाली घरं, घरापुढं नंबर, आणि बाईच्या नावापुढं तिचं माहेर. उजव्या कडेला ती उभी पट्टी. पट्टीवर अंगठा धरून खाली ओढलं की बाजूला पुरीएवढा निळा फुगा निघतो आणि त्यात गावाचं नाव ठळक दिसतं. अंबाजोगाई, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, एकामागं एक. तुम्ही म्हणालात, मामा, फुगा खास तुमच्यासाठी मोठा केलाय, खालची नावं वाचायची गरजच नाही, गाव दिसलं की अंगठा सोडायचा. (हे तुमचेच शब्द. पारावर बसलेल्या कोणालाही विचारा.) खालची नावं मोहरीएवढी, ती मला चष्म्यानंही दिसत नाहीत. वर शोधायची खिडकी आहे म्हणता, पण तिच्यात मराठी लिहायला गेलं की माझ्या अंगठ्याखाली तीन-तीन अक्षरं एकदम दबतात. म्हणून मी फुग्यावर भरवसा ठेवला. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली, पाटीवर भरवसा ठेवायची सवय हाडात मुरलेली.

आता तुमचा फुगा काय करतो ते ऐका. अंगठा हळू ओढला, तर फुगा आणि यादी नवराबायकोसारखे संगं चालतात. पण जोरात ओढला, की फुगा अंगठ्यासंगं पळत सुटतो आणि यादी मागून धापा टाकत येते. फुग्यात येलदरी दिसलं म्हणून अंगठा उचलावा, तर यादी अजून मंठा, माजलगाव, मानवत यांच्यातच अडकलेली असते, आणि अंगठा उचलला रे उचलला की आहे तिथंच बसकण मारते. फुगा त्याच क्षणी गायब, म्हणजे साक्षीदारही पसार. आमच्या गाडीवर जिंतूरची पाटी लागलेली आणि गाडी अजून बोरीच्या स्टँडवर उभी, असा प्रकार. पण बोरीत चुकून उतरलेल्या माणसाला इकडंतिकडं बघून समजतं तरी, की हे काय जिंतूर न्हाई. मग तो कंडक्टरच्या नावानं शिव्या देतो आणि पुढची गाडी धरतो. फोनमधी माणसाला काहीच दिसत नाही. त्याला वाटतं आपण पोचलो.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. हुरड्याच्या दिवसांत मी हट्ट्याच्या सोयऱ्यांना बोलावलं आणि सोनपेठचे आले. त्यांचं आमचं नातं लग्नात अक्षता टाकण्यापुरतं, पण बायकापोरांसकट जीप भरून आले, हुरडा चापला, गूळ संपवला, जाताना हात धरून म्हणाले, आमची आठवण ठेवली, लय बरं वाटलं. आम्ही आठवडाभर हसत होतो. कडूबाई वहिनींचा मुलगा मुंजाजी तेव्हाच म्हणाला होता, की काका, दाजींना कळवा, त्यांचा फुगा खोटं बोलायलाय. पण आमच्या घरात जावयाच्या कामाला नाव ठेवत नाहीत. तुमच्या थोरल्या साडूंनी हौसेनं आम्हाला मोरी बांधून दिली, तिचा उतार उलटा झालाय, सगळं पाणी स्वयंपाकघरात येतं. आम्ही पाटाखाली विटा लावून जेवतो, पण त्यांना आजवर बोललो नाही. (तुम्हीही बोलू नका.) तसंच तुमचं. हुरड्याला कोण आलं काय अन् कोण नाही आलं काय, असं म्हणून सोडून दिलं. तेव्हा एक कार्ड टाकलं असतं तर आज एवढी पानं लिहावी लागली नसती.

कडूबाई वहिनी पहाटे गेल्या. माझा भाऊ गेल्यापासून त्यांनी एकटीनं घर ओढलं, मुंजाजीला मोठं केलं, तुमच्या प्रियांकाला मांडीवर खेळवलं. शेवटच्या दुखण्यात त्यांनी कोणाला काही मागितलं नाही, औषध सुद्धा नाही. फक्त एकच बोलणं लावून धरलं होतं: माझा परमेश्वर साडी घेऊन येईल, तोवर मला उचलू नका. परमेश्वरराव म्हणजे येलदरीचे त्यांचे भाऊ, एकुलते एक, आता तेही काठी टेकत चालतात. बाई गेली की तिला शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं, हे तुमच्याकडंही असेलच. सासरी सगळा जन्म जातो, पण जाताना भावाच्या साडीत जायचं. भाऊ साडी आणतो, बायका ती अंगावर घालतात, मगच खांदा लागतो. तोवर भावकी थांबते, गाव थांबतं, सरणही थांबतं. मी वहिनींना स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, की परमेश्वररावांना आणायची जिम्मेदारी माझी.

खबर द्यायचं काम भावकीत माझ्याकडंच असतं, आवाज खणखणीत म्हणून. पूर्वी माणूस पाठवायचे. तो सायकल हाणत त्या गावाला, त्याच दारात जायचा, समोर कोण उभं आहे ते बघायचा आणि नुसती मान खाली घालायचा, की घरात रडारड सुरू. आता एवढं कोण करतं. त्यात आमच्या घरची जुनी रीत, की माती होईपर्यंत गेलेल्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मी लिंबाखाली बसलो. आत बायकांचा आकांत, माझे डोळे भरलेले, भराभर सगळीकडं कळवायचं. अंगठा धरला आणि जोरात खाली ओढला. फुग्यात येलदरी आलं, अंगठा सोडला, वरचं पहिलं नाव दाबलं. येलदरीत आपलं घर एकच, चुकायचा सवालच नाही. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. मी म्हटलं, पेडगावहून आबासाहेब बोलतो, छाती घट्ट करा, तुमची बहीण गेली, साडी घेऊन या, तुम्ही आल्याशिवाय उचलत नाही. तिकडं हंबरडा फुटला आणि फोन बंद झाला. रडणारे म्हातारे सगळे एकाच आवाजात रडतात, जावईबापू. मी पुढच्या गावाला लागलो.

फोन लागला होता माजलगावला, रंगनाथरावांना. रंगनाथराव म्हणजे दगडाबाईंचे भाऊ. आणि दगडाबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, जी त्या वेळी आमच्या ओसरीवर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसून सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गळा काढत होती. तब्येतीनं एकदम ठणठणीत.

मग आम्ही वाट बघत बसलो. परभणीहून बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या ठेवता ठेवता वितळत होत्या. मुंजाजी आईच्या उशाशी बसून होता. मधून मधून मान वर करून विचारायचा, काका, मामा निघाले का. मी म्हणायचो, निघाले. खोटं नाही म्हणालो, कारण दुपार कलायला लागली तेव्हा मी परत फोन लावला होता, सकाळी ज्या नंबरला लावला त्यालाच, आणि पलीकडचा माणूस रडत म्हणाला, गाडीच मिळत नव्हती, आता निघालोय, निघालोय, तिला तशीच ठेवा, मला तोंड बघू द्या. हे मी मुंजाजीला शब्दन् शब्द सांगितलं. त्यानं आईच्या कानाशी वाकून सांगितलं, मामा यायलाय.

सावल्या लांब झाल्यावर माजलगावची जीप आली. माहेरची माणसं आली म्हणून बायकांनी एकच गलका केला, आणि त्यांना सामोरं जायला पुढं झाली कोण, तर दगडाबाई (अशा वेळी ती कोणाला पुढं होऊ देत नाही). जीपमधून रंगनाथराव उतरले. हातावर कोरी हिरवी साडी, सोबत हिरव्या बांगड्या, कारण त्यांची बहीण सवाष्ण गेली होती. ‘दगडे, दगडे’ करत ते दारातून आत आले आणि समोर दगडाबाई. त्यांनी पाहिलं, तिनं पाहिलं. रंगनाथराव उभ्या जागी खाली बसले, धुळीतच. दगडाबाईनं विचारलं, ‘दादा, कोण गेलं?’ ते म्हणाले, ‘तू.’

तिथं जे झालं त्याला रडं म्हणावं की हसं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. भाऊ जिवंत बहिणीला चाचपून बघतोय, बहीण त्याच्या पाठीत बुक्क्या मारतीय आणि गळ्यातही पडतीय. बिचाऱ्यांनी वाटेत दगडाबाईच्या फोनवर फोन लावले होते, पण तिचा फोन घरी कोनाड्यात वाजत पडलेला. कोणी उचललं नाही तेव्हा त्यांची खात्रीच पटली. पोरापोरींनी तोंडात पदर नि रुमाल कोंबले. एक-दोघं तर भिंतीकडं तोंड करून हलायला लागले, ते रडत नव्हते हे मला पाठीवरून कळलं. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात एकदमच आलं, की दगडाबाईचा भाऊ आलाय, म्हणजे कडूबाईचा आलेला नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दगडाबाईनं मला त्या वेळी जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, पत्र पोस्टमनच्या हातून जायचंय.

मुंजाजीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि येलदरीला लावला. परमेश्वररावांच्या सुनेनं उचलला. ते धरणाच्या फुगवट्याकडच्या शेतात गेलेले, तिथं रेंज नाही, माणूस पाठवते म्हणाली. तिथून ते घरी येणार, साडी घेणार, गाडी मिळवणार, मग जिंतूर, मग परभणी, मग पेडगाव. आणि इकडं सूर्य टेकलेला. उन्हाळ्यात दिवसभर ठेवलेल्या माणसाचं काय होतं ते मी तुम्हाला लिहीत नाही. जाणत्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि आता थांबता येत नाही म्हणून सांगितलं. मुंजाजीनं भिंतीवर डोकं आपटलं. म्हणाला, घरच्या लुगड्यात नेऊ का आता तिला, तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती.

तेव्हा दगडाबाई उठली. रंगनाथरावांच्या हातावरची हिरवी साडी घेतली आणि म्हणाली, ‘ही कुणाच्या तरी भावानंच आणली ना? घाला तिला.’ जाणते म्हणाले, विधवेला हिरवी चालत न्हाई. ती म्हणाली, ‘जाळायलाच न्यायलाय ना? मग चालतंय.’ बायकांनी आडोसा केला. माझा भाऊ गेल्यापासून वहिनींच्या अंगावर मी रंग बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला. लय चांगल्या दिसत होत्या. दिराच्या तोंडी हे शोभत नाही, पण दिसत होत्या, आणि मला ते बघून हुंदका आवरला नाही.

सरणाचा जाळ वर आला होता तेव्हा परमेश्वरराव पोचले. गाडी मसणवाटेच्या पांदीच्या तोंडाशीच थांबवली, तिथून काठी टेकत आले. काखेत कागदात गुंडाळलेली साडी, कागदातून पांढरा काठ दिसत होता. जाळापासून थोडं लांब उभे राहिले. मुंजाजीनं पाय धरले, त्यांनी पाय काढून घेतले. एवढंच विचारलं, ‘माझी बहीण कुणाच्या साडीत गेली?’ मुंजाजीनं सांगितलं, माजलगावच्या पाव्हण्यांच्या, सकाळचा फोन त्यांना गेला. तर ते म्हणाले, ‘परक्याला सकाळी फोन, अन् सख्ख्या भावाला सांजच्याला?’

मी पुढं झालो. म्हटलं, पाव्हणं, हा फुगा चुकतो. ते म्हणाले, कसला फुगा? तर मी तिथंच, पेटल्या सरणासमोर, फोन काढला आणि त्यांना दाखवायला पट्टी ओढली. जावईबापू, माझा हात कापत होता. कापणारा अंगठा जोरात जातो कशाला, तो हळूहळू सरकला. आणि तुमच्या फुग्यानं आयुष्यात त्या एकाच वेळी खरं बोलायचं ठरवलं. फुग्यात येलदरी, खाली येलदरी, आणि वर पहिलंच नाव परमेश्वररावांचं. त्यांनी चष्मा लावला, जाळाच्या उजेडात नीट वाचलं आणि म्हणाले, ‘बरोबरच तर हाय.’ मी परत ओढायला गेलो, पण ते वळले होते. साडी काखेत तशीच. पाणीसुद्धा घेतलं नाही. दहाव्याला आले नाहीत, तेराव्याला आले नाहीत. मुंजाजी येलदरीला जाऊन आला, त्याला ओसरीवरूनच परत लावला. माझा फोन ते उचलत नाहीत, आणि हा फोन मात्र बरोबर त्यांनाच लागतो, कारण आता मी मुंगीच्या चालीनं पट्टी ओढतो.

म्हणून कळवतो, की तो फुगा दुरुस्त करा. मला त्यातलं कळत नाही, पण पाटीचं कळतं. पाटी गाडी बघून बदलायची असते, ड्रायव्हरला कुठं जावंसं वाटतंय ते बघून नाही. तुमचा फुगा अंगठ्याकडं बघून बोलतो. त्याला सांगा, अंगठ्याकडं बघू नको, यादीत वर खरंच कोणतं गाव आलंय ते बघ आणि तेवढंच बोल. यादी मागं राहिली असेल तर फुग्यानंही मागंच राहावं, त्यात कमीपणा नाही. अंगठा उचलला तरी यादीनं जिथं जायचं कबूल केलं तिथं जाऊन मगच थांबावं. आणि फुगा एकदम गायब करू नका, माणसाची खात्री होईस्तोवर राहू द्या. हळू ओढलं की बरोबर चालतं, असं तुम्ही म्हणाल. पण हुरड्यालाच तेवढं हळू ओढता येतं. ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी कोणाचा अंगठा हळू चालत नाही. आणि हे जमत नसेल, तर ॲप काढून टाका आणि आम्हाला एक सायकल घेऊन द्या.

जास्त काय लिहू. तुमच्या आईसाहेबांना नमस्कार सांगा, प्रियांकाला जड उचलू देऊ नका. राग आला असेल तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको. फुगा सोडून तुमच्या बाकी सगळ्या गोष्टींवर माझा लोभ आहे, तो तसाच राहील.

तुमचा सासरा,
आबासाहेब

ता. क. फुग्यावर एवढं लिहिलं, पण खरं काम वेगळंच आहे. फुगा आज दुरुस्त झाला काय, पुढच्या वर्षी झाला काय, वहिनी काय परत यायच्या नाहीत. प्रियांका सुखरूप मोकळी झाली, की तुम्ही एकदा येलदरीला जाऊन या. मला नि मुंजाजीला ते दारात उभं करत नाहीत, पण जावई माणसाला आमच्याकडं कोणी बिनपाण्याचं परत लावत नाही, मग तो कोणाचाही असो. आत जा, बसा, पाणी घ्या आणि त्यांना सांगा, की हे मी केलेलं आहे, ते चुकतं, तुमच्या बहिणीच्या माणसांनी तुम्हाला टाळलं नाही. तुम्ही शिकलेले आहात, करणाऱ्यानं स्वतःच सांगितल्यावर त्यांना पटेल. दाखवायला फोन काढू नका. नुसतं तोंडानं सांगा.

ता. क. २. ॲप काढून टाका असं वर रागात लिहिलं, ते काढू नका. बायकांना त्यात सोनपेठच्यांचा नंबर सापडलाय, ते आता दर सणाला येतात.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दगडाबाई आली. सगळं पत्र वाचून घेतलं, मध्ये चार ठिकाणी मला थांबवलं, आणि आता समोर बसून पुढचं लिहून घेतीय. ती म्हणते, भाऊ बहिणीला शेवटची साडी एकदाच आणतो. माझी आणून झाली, ती कडूबाई नेसून गेली. दादा आता परत आणायचा न्हाई, अन् मी त्याला परत आणायला लावणार बी न्हाई, त्याचा जीव जाईल. तिकडं परमेश्वरभाऊची साडी बिनकामाची पडून आहे. तर ती माझी. रंगनाथरावांना विचारलंय, ते हो म्हणाले. तेव्हा तुमच्या ॲपमधी दगडाबाईच्या नावापुढं माहेर माजलगाव आहे, तिथं येलदरी करा. परमेश्वररावांना जाऊन सांगा, की पेडगावात तुमची एक बहीण आहे, तिची खबर आली की साडी घेऊन यायचं. (साडी पांढरी आहे, म्हणून तिचे यजमान परवापासून जेवले नाहीत. ती म्हणते, त्यांना समजावता येईल.) आणि हे तिनं दोनदा वाचून घेतलं, तेव्हा नीट सांगा: पांढरी ती सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी दर भाऊबीजेला यायचं, ओवाळून घ्यायचं आणि एक साडी आणायची, अन् ती रंगीत पाहिजे.